मायला बसवलं ते वर्ष

मास्तरकीचा पहिला पगार हातात पडला आणि मी मायचं खुरपं उचलून घराबाहेर भिरकावलं. टेंभुर्णीत तिनं उभा जन्म दुसऱ्यांच्या रानात वाकून काढला होता. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळकरी होतो, आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात पक्की होती: शिकायचं, आणि मायला पुन्हा कुणाच्या बांधावर जाऊ द्यायचं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी जालन्यात मस्तगडला माडीवरची खोली भाड्यानं घेतली आणि तिला आणून बाजेवर बसवलं.

बसवलं म्हणजे अक्षरशः बसवलं. ती पाण्याला उठली तरी मी बायकोवर खेकसायचो. एकदा शाळेतून आलो तर माय अंगणातल्या नळावरून घागर भरून जिना चढत होती. खालची शेजारीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मास्तर, पगार बराबर मिळतो ना? मंग म्हातारीला पानी कामून वाहाय लावता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घागर हिसकावली आणि मायला सांगितलं, "पुन्हा हिला हात लावलास तर मी जेवणार नाही."

तिनं पुन्हा हात लावला नाही. मला वाटलं, जिंकलो.

वर्षभरात तिचे पाय सुजले. भूक गेली, झोप गेली, आणि कधी कुणाला टाकून न बोललेली माय सुनेवर उगाच चिडू लागली. मी टॉनिकच्या बाटल्या आणत राहिलो. मग एका पौर्णिमेला विहारात वंदना संपली, सगळे उठले आणि माय उठेना. तिनं जमिनीवर हात टेकून जोर लावला, पुन्हा लावला. लोक दुसरीकडे पाहिल्यासारखं करत होते. शेवटी दोन बायांनी काखेत हात घालून तिला उभं केलं. त्या दिवसापासून परसाकडे जायलाही तिला सुनेचा खांदा लागू लागला.

डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबून पाहिले, वाकवून पाहिले. "दिवसभर काय करतात या?"

"काहीच करू देत नाही मी," मी छाती फुगवून सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, हाडं चांगली आहेत. बसून बसून अंग आखडलंय. आता हलवलं नाही तर या कायमच्या अंथरुणाला खिळतील. यांना चालवा, हळूहळू जिना चढवा. दुसरं औषध नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी मायचा हात धरून तिला गॅलरीत चालवू लागलो. दोन फेऱ्या झाल्या की ती बसायची. "बिनकामाचं चालायला मला याड लागलं का?"

आठ दिवस हेच. दर सकाळी तिचं पाऊल आदल्या दिवसापेक्षा आखूड पडतंय असं मला दिसायचं. एका सकाळी माझा तोल गेला. "तुला पडूनच राहायचंय का?"

"तूच बसवलं," ती म्हणाली, "अन् आता तूच वरडून राह्यला."

बायको कणीक मळत होती. तिनं पितळी तांब्या मायपुढं ठेवला. "आत्याबाई, तेवढं खालून प्यायचं पानी आनता का? माझे हात भरलेत."

मी तोंड उघडणार तोच मायनं माझ्याकडं पाहिलं. पाण्याचा तांब्या उचलायला ती माझी परवानगी मागत होती. मला माझीच लाज वाटली. मी मान हलवली.

पहिल्या दिवशी ती निम्म्या जिन्यात एकदा बसून मग वर आली. पंधरा दिवसांनी न बसता आली. महिना-दीड महिन्यानं तिनं स्वतःच कळशी मागितली, आणि मी नको म्हणालो नाही.

त्या सकाळी कळशी कमरेवर, एक हात भिंतीला, अशी ती चढत होती. मी वर उभा. दहाव्या पायरीवर तिचा गुडघा लटकन वाकला. कळशी हिंदकळली, पाणी पायांवर सांडलं, दगडी पायरी ओली झाली. खाली नळावरच्या बाया मान वर करून पाहू लागल्या.

"माय, दे इकडं!"

"हात लावू नको."

मी हात पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवले. ती तशीच थांबली, धापा टाकत. तिचा पाय उचलला गेला, थरथरला, वरच्या पायरीवर टेकला. मग दुसरा. चार पायऱ्या उरल्या होत्या, आणि त्या चारही मी श्वास न घेता पाहिल्या.

तिनं कळशी माठात रिकामी केली. जमिनीवर बसली, दम खाल्ला आणि कुणाचाही हात न मागता, गुडघ्यावर तळवा दाबून उभी राहिली.

"वरीसभर तुह्या घरी पाव्हनी म्हनून ऱ्हायले रे," ती म्हणाली. "लई जड गेलं."

मी पाठ फिरवून शर्टाची बटनं लावू लागलो. ती लावलेलीच होती.