दाराखालची पाचर

फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर मेथीच्या जुड्या उलटसुलट करून पाहत होते. बेसिंगस्टोकहून वसुधाताईंचा भाचा अनिकेत बोलत होता. पोरगा इथेच जन्मलेला, त्यामुळे मराठी बोलताना नेहमी जरा बिचकतो. "काकू, मावशी गेली. झोपेतच... पीसफुली." मी पुढे काय बोलले, मेथी घेतली की परत ठेवली, काही आठवत नाही. घरी आल्यावर पिशवीत जुडी होती, म्हणजे घेतली असणार.

वसुधाताई माझ्या शेजारीण, आमच्यापासून दोन दारं सोडून. मूळच्या नागपूरच्या. इथे येऊन पुन्हा पहिल्यापासून कायदा शिकल्या आणि पुढे एका ट्रायब्युनलवर न्यायाधीश झाल्या. आमच्या मराठी मंडळातला कुणीही घरमालकाशी भांडला, व्हिसात अडकला, सुनेशी बिनसलं, की त्यांच्याकडे धावायचा. पण त्यांची एक तऱ्हा होती. एकटी सासू आली तर तिला चहा मिळायचा, चिवडा मिळायचा, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, तक्रारीचा विषय निघाला की ताई म्हणायच्या, "सूनबाईंना घेऊन या, मग बोलू." बाया धुसफुसत परत जायच्या. वरून त्यांच्या पुढच्या खोलीचं दार सदा उघडं, जानेवारीतसुद्धा. दाराखाली एक ओबडधोबड लाकडी पाचर सरकवलेली असायची. हीटिंग चालू आणि दार उघडं, म्हणजे आपण बाहेरचा सगळा पॅसेज तापवत बसायचं. मी कुरकुरले की म्हणायच्या, "शाल घे."

ती पाचर कुठून आली, ते मला फार उशिरा कळलं. निवृत्त झाल्यावर ताई बाल्कनमधल्या एका छोट्या देशात गेल्या होत्या. त्या देशाला युरोपच्या संघात शिरायचं होतं आणि संघाची अट अशी की आधी तुमची कोर्टं सुधारा. तिथल्या एकेका न्यायाधीशाची नव्याने तपासणी व्हायची होती. त्याची मालमत्ता, त्याचे संबंध, त्याची उठबस, सगळं पाहायचं; जो कसोटीला उतरणार नाही त्याने घरी जायचं. मदतीला बाहेरचे अनुभवी लोक बोलावले होते, त्यांत या. गंमत म्हणजे तोवर आपल्या ब्रिटननेच संघाबाहेर पडायचं ठरवलं होतं. मी विमानतळावर नोकरीला, त्यामुळे ताईंना सोडायला आणि आणायला मीच. एकदा बॅग ट्रॉलीवर चढवताना मी म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." त्या हसल्या नाहीत. "युनियन राहील नाहीतर जाईल गं," म्हणाल्या, "कोर्टाच्या पायरीवर माणूस तर येतच राहणार ना?"

तिथे त्या येलेनाच्या घरी वरच्या मजल्यावर राहत. येलेना त्या गावच्या कोर्टाची मुख्य न्यायाधीश, ताईंहून बरीच लहान. तिने ताईंना ढोबळ्या मिरच्या भाजून लोणचं घालायला शिकवलं, ताईंनी तिला पोहे. फोनवर निम्मं बोलणं तिच्याबद्दलच असायचं. त्या गावात एक जुना रिवाज होता. खटल्यातला एखादा पक्ष किंवा त्याचा वकील सरळ न्यायाधीशाच्या खोलीत जायचा, कॉफी यायची, दार बंद व्हायचं. त्यात लाच नसायची, असायचं ते आतिथ्य. पण बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या पक्षाला आत काय शिजतंय हे कळणार कसं? ताई म्हणायच्या, "पाहुण्याला कॉफी न विचारणं त्यांना जमेना, आणि मी नागपूरची, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" मग त्यांनी तोडगा काढला. एका पक्षाला एकटं भेटायचंच नाही हा नियम. पण सवय सुटेपर्यंत निदान दार उघडं ठेवायचं. हे सगळ्यांत आधी मान्य केलं येलेनाने. तिच्या खोलीचं जुनं, जड दार आपोआप मिटायचं, म्हणून तिने मोडक्या खुर्चीच्या पायाची पाचर करून दाराखाली ठोकली.

पुढल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ताई कोर्टातून निघाल्या तर ते दार बंद. आतून येलेनाचा आवाज आणि तिच्या नात्यातल्या एका वकिलाचा, ज्याचा खटला तिच्याचपुढे चालू होता. ताई तशाच घरी आल्या. दोघी जेवल्या. मग तपासणीत येलेनाची पाळी आली, आणि समितीने ताईंना विचारलं, तुम्ही कधी काही पाहिलंत का? ताईंनी पाहिलं तेवढं सांगितलं. येलेनाची खुर्ची गेली. निघायच्या दिवशी तिने दाराखालची पाचर काढली, ताईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "ही तुमची."

हे सांगताना ताई रडल्या. मी त्यांना रडताना एवढं एकदाच पाहिलं. "ती दोषी आहे असं मी म्हटलं नाही गं. दार बंद होतं, एवढंच म्हटलं." मी म्हणाले, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं, तुमच्या बहिणीसारखी ती. त्या म्हणाल्या, "बहीण होती म्हणूनच तर. तिला सोडलं असतं, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने घालवलं असतं?" दर नवीन वर्षाला त्या येलेनाला मेसेज करायच्या. वाचल्याची निळी खूण यायची, उत्तर नाही. खूण आली की मला फोन दाखवायच्या. "वाचते हो," म्हणायच्या. तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघायचं. मला त्या येलेनाचा फार राग यायचा, आजही लपवत नाही.

ताई गेल्यावर अनिकेतने त्यांच्या फोनमधल्या सगळ्यांना एकच मेसेज पाठवला. अंत्यविधीनंतर आम्ही मोजके लोक ताईंच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. अनिकेतने दार लावून घेतलं होतं. "मावशीचा खोली खूप कोल्ड आहे, काकू," म्हणाला. तेवढ्यात बेल वाजली. मी खोलीचं दार मागे ओढून बाहेरचं दार उघडलं, तर समोर एक उंच, पिकल्या केसांची बाई, हातात लोणच्याची बरणी. नाव सांगायची गरज पडली नाही. इतक्या वर्षांचं मनात साठवलेलं मी बोलणार होते, पण ती खोलीच्या बंद दारापाशीच थांबली. पाचर बाजूला भिंतीशी पडली होती. पाहताच तिने ती ओळखली.

"त्या दिवशी थंडी वाजत होती म्हणून मी दार लावलं होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "तो खटल्याबद्दल एक शब्द बोलला नाही. पण बाहेरच्या माणसाला ते कसं कळणार? ...हे समजायला मला फार वेळ लागला. मेसेज लिहायचे आणि पुसून टाकायचे."

मग तिने बरणी माझ्या हातात दिली, दार पूर्ण उघडलं, वाकून पाचर खाली सरकवली आणि बुटाच्या टाचेने नीट ठोकून बसवली. पॅसेजमधला गारठा आत आला. अनिकेत मुकाट्याने उठला आणि सगळ्यांचे कोट घेऊन आला. आम्ही कोट घालून बसलो.