नाना म्हणाले, यादीत माझं नाव टाक

गेल्या बुधवारी औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात माझं आणि टीम लीडचं चांगलंच वाजलं. कारण ऐकाल तर हसाल… स्पेलिंग!

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून बघायचा मला पगार मिळतो. सध्याचा क्लायंट परदेशातला. तिकडच्या सरकारनं खेळांवरची बेटिंग आता नियम घालून, लायसन्स देऊन कायदेशीर केलीय. सोमवारी बाजार उघडणार होता आणि त्यातल्या एका कंपनीचं ॲप आम्ही तपासत होतो.

हो, सट्टाच. नातेवाइकांना मी "बँकेचं काम" असं सांगायचे. घरी पैठणला तर चकार शब्द काढला नव्हता, कारण क्रिकेटच्या सट्ट्यापायी माझ्या वडिलांनी, आमच्या नानांनी, माझी शाळेची सगळी वर्षं नासवली होती. शेत वाचलं, पण घरातलं बोलणं संपलं.

मग कधीतरी सुटलं ते. कसं सुटलं हे आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तर त्या लायसन्सची एक अट मला फार आवडली होती. ज्याला खेळणं आवरत नाही त्यानं स्वतःहून आपलं नाव सरकारी यादीत घालायचं. मग तो पाया पडला तरी कुठल्याच कंपनीनं त्याला आत घ्यायचं नाही. ही यादी नीट चालते का, ते बघायचं काम माझ्याकडं होतं.

चालत होती हो! यादीतलं नाव टाकलं की ॲप दार लावून घ्यायचं. टीम लीड म्हणाला, झालं, ओके दे. पण नाव अक्षर न् अक्षर तेच असेल तरच अडवत होतं, आणि तिथंच माझं डोकं अडलं.

नानांचं नाव ज्ञानेश्वर. आता 'ज्ञ'चं स्पेलिंग काय करायचं ते करा… आधारवर डी-एन-वाय, बँकेत जी-वाय, शाळेच्या दाखल्यावर आणखी तिसरंच. जन्मतारीख अर्थातच एक जून, गुरुजींची कृपा. आपल्याकडं एका माणसाची कागदावर तीन माणसं होतात.

तिकडं असं नसतं, टीम लीड म्हणाला. मी म्हटलं, का, तिकडची माणसं आभाळातून पडली का? तो चिडला, मी त्याहून चिडले, माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. शेवटी गुरुवार संध्याकाळपर्यंतची मुदत मिळाली. सिद्ध कर, नाहीतर ओके दे.

सिद्ध कसं करणार? त्यासाठी खेळणाऱ्याचं डोकं पाहिजे. आणि असं डोकं मला एकच माहीत होतं…

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन फोन लावला. काम काय, यादी काय, सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा अबोला.

पण ते म्हणाले, "लिहून घे."

आधी बापाचं नाव मधून काढून बघीन. मग आडनाव पुढं घेईन. मग दाखल्यावरचं नाव, मग भावाचं नाव अन् फोन माझाच… नाना सांगत होते, मी डब्यावरच्या कागदावर लिहीत होते. "आन् लईच जीव तुटला ना माय, तर दोन दिवस थांबून परत पहिल्याच नावानं येईन. कुणाची नजर चुकली आसंल म्हणून." इथं माझं पेन थांबलं.

इतक्या वर्षांत जे बोललो नाही, ते त्या दिवशी टेस्ट केस म्हणून बोललो.

नानांनी एकूण सात युक्त्या दिल्या; दोन दिवस थांबायच्या जागी ॲपची तारीख पुढं सरकवून सगळ्या संध्याकाळच्या आत करून बघितल्या. पाच वेळा ॲपनं "या, बसा" म्हणत आत घेतलं! टीम लीडचा चेहरा बघण्यासारखा झाला. रिपोर्ट लगेच गेला आणि बाजार उघडायच्या आत तिकडच्या लोकांनी दुरुस्ती केली. टीम लीड "चुकलं" काही म्हणाला नाही, पण चहा दोनदा पाजला.

रविवारी नानांचा फोन. स्वतःहून! म्हणाले, त्या यादीत माझं नाव टाक.

मी हसले. म्हटलं, नाना, ती परदेशातली यादी आहे, आणि आपल्याकडं तर सट्ट्याला बंदीच आहे. "आसू दे. टाक." मग म्हणाले, "तुझी माय त्या येळंला, सट्टा घ्यायचे त्या स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन हात जोडायची, आमच्या माणसाला घेऊ नका म्हणून. मी कधीच म्हणलो नाय. आता म्हणतो."

आई हे करत होती, मला माहीतच नव्हतं… मी फोन धरून नुसती रडत बसले.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या टेस्टिंगच्या यादीत नानांचं नाव घातलं, सगळ्या स्पेलिंगांनी. मग त्यांच्याच नावानं आत जायला बघितलं. ॲपवर उत्तर आलं: माफ करा, तुम्हाला आत घेता येणार नाही. हे मी फोनवर मराठीत वाचून दाखवलं. "परत वाच," नाना म्हणाले, आणि फोन आईच्या कानाला लावला.

बेटिंग सुरू करावी की नाही, ते मोठ्या लोकांनी ठरवावं. नानांना विचारूनच हे लिहितेय… माझा बाप सट्टा खेळायचा, हे मी आजवर लपवलं. आज मात्र सगळ्यांना सांगावंसं वाटतंय, की त्यानं आपलं नाव आपल्या तोंडानं यादीत घालायला लावलं.