बिनवासाची पुडी

भोकरदनच्या धान्याच्या मोंढ्यात अंगदनं मक्याची हर्रास पुकारली की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही भाव कळायचा. केदारखेड्याच्या या गड्याला देवानं गळाच तसा दिला होता. गेल्या दिवाळीनंतर त्याच गळ्यातून बोल अडखळत यायला लागले. 'एकवीसशे' म्हणताना जीभ जड व्हायची. व्यापारी खिदळले, "अंगदराव, सकाळीच उघडली का बाटली?"

एवढं पुरलं. ज्यानं जन्मात दारूला हात लावला नव्हता, त्याला गावानं आठवड्यात बेवडा करून टाकलं. गावाचं सोडा, गावाला चघळायला काहीतरी लागतंच. पण त्याच्या बायकोनं, दैवशालानंही तेच मानलं. ती रोज त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास आला नाही तर म्हणायची, वेलची खाऊन आलेत. एकदा तो तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला गेला, तर तिनं हात झिडकारला. "खोटी शपथ घेऊन मला मारता का?"

मग तिचा भाऊ राजानंद जालन्याहून दारू सोडवायची पुडी घेऊन आला. "बिनवासाची हाये, ताई. चहात टाकत जा. दाजीला पत्ता बी लागनार न्हाई." दैवशाला रोज सकाळी पाठमोरी होऊन चिमूटभर टाकायची. चहा पिताना अंगदला ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि पुडी लागू पडली म्हणून ही मनातल्या मनात खूश व्हायची.

पुढं त्याला शर्टाचं बटणही लावता येईना. मोंढ्यातलं काम तर कधीच गेलं होतं. तेव्हा कुठं घरच्यांना दवाखाना आठवला. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी जीभ तपासली, हातापायांत सुया टोचून नसा पाहिल्या.

"मोटर न्यूरॉनचा आजार आहे. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात. जीभ गेली, हात चाललेत. घशातली ताकद कमी झालीय, म्हणून ठसका लागतो. पुढं श्वासाचंही तेच होणार. बरं करणारं औषध नाही."

"दारूनं झालं का?" दैवशालानं विचारलं.

"दारूचा काही संबंध नाही. आणि यांचं डोकं शाबूत आहे. यांना सगळं समजतं."

घरी येताच तिनं पुडी मोरीत ओतली. स्वतःचा तिला इतका राग आला की रडूही येईना. सकाळी चहा केला आणि चमच्यानं त्याला पाजायला बसली. एक घोट कसाबसा गिळून अंगद तिच्याकडं बघत राहिला.

"आज... कडू न्हाई."

तिच्या हातातला चमचा थांबला. "तुमाला ठावं होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मंग पेत का राह्यले?"

तो बराच वेळ शब्द जुळवत होता. "न्हाई पेलो असतो... तर तू म्हनली असतीस... ह्याला दारू सोडायची न्हाई."

एव्हाना त्याचं बोलणं घरात कोणालाच धड कळत नव्हतं. दैवशालाला त्यातलं अक्षर न् अक्षर कळलं.