आमच्या वंशावळीतल्या आत्या

माणूस भेटला की आत्या आधी त्याच्या आईचं नाव विचारायच्या. मुरुमच्या बाजारात भाजी घेताना, एसटीत शेजारी कुणी टेकल्यावर, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर, कुठंही. समोरचा गोंधळून बापाचं नाव सांगायचा. बायका तर हमखास सासूचं सांगायच्या. मग आत्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “सासू न्हाय, आई. बापाचं नाव समद्या कागदावर हाय. आईचं तुमीच सांगितलं तर कळंल.”

त्या माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरी येऊन पुढं भावजयांच्या हाताखाली राबण्यापेक्षा त्या शिकल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या आणि निवृत्त होऊन मुरुमात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहिल्या. माझे वडील आणि काका जवळच्याच आमच्या गावात शेती बघत. मी उमरग्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो, आणि आत्यांचा फार लाडका होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढचं ऐकलं की कळेल.

आत्यांना वंशावळीचं वेड लागलं त्याचं मूळ लहानपणात होतं. आमच्याकडं कर्नाटकाच्या बाजूनं हेळवी यायचे. सुगी झाली की बैलावर बसून दारात यायचे आणि घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवायचे, धान्य घेऊन जायचे. सहा-सात वर्षांच्या आत्या उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. माझ्या आजोबांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं नाव आलं, मग दोन्ही भावांची आली, त्यातला धाकटा तर पाळण्यात होता. हेळवी थांबला तेव्हा आत्यांनी विचारलं, माझं? तो हसून म्हणाला, पोरीचं नाव सासरच्या हेळव्याकडं. पुढं सासरीही हेळवी आला. तिथं नवऱ्याचं नाव निघालं, आणि वंश खुंटला म्हणून तो पुढच्या घरी गेला. हे त्या हसत सांगायच्या, पण दर वेळी सांगायच्या.

निवृत्तीनंतर त्यांनी लॅपटॉप घेतला आणि मी त्यात वंशावळीचा प्रोग्राम घालून दिला. प्रत्येक माणसाची एक चौकट. तिच्यात नाव, आईबाप, जन्म, लग्न आणि एक फोटो. फोटोवरून पंचाईत झाली. लॅपटॉपचा कॅमेरा, जो लॅपटॉपसमोर बसलाय त्याच्याकडं बघतो. लॅपटॉप फिरवला तर म्हातारं कॅमेऱ्यात यायचं, पण आत्यांना पडदा दिसायचा नाही. म्हणून मी लांब वायरचा वेगळा वेबकॅम मागवला. तो झाकणाच्या वरच्या कडेला उलट्या तोंडानं अडकवायचा. आत्या पडद्यावर बघून बटण दाबायच्या आणि फोटो थेट त्या माणसाच्या चौकटीत जाऊन बसायचा. गावातली पोरं त्याला डोळा म्हणायची.

पहिल्याच दौऱ्यात त्या सोनारीला एका लांबच्या नात्यात गेल्या. आठ-दहा म्हाताऱ्या-कोताऱ्यांना ओळीनं बसवून फोटो काढले आणि खूश होऊन परत आल्या. मी उघडून बघतो तर सगळ्या चौकटींत आत्याच. कुठं चष्मा पुसताना, कुठं “पदर सरळ करा” म्हणताना. वायर उशिरा जोडल्यामुळं प्रोग्रामनं आपला आतलाच कॅमेरा धरला होता. एका मिशाळ पाटलांच्या नावाखाली आत्या बघून मी पोट धरून हसलो. आत्यांनी मात्र दुसऱ्या आठवड्यात एसटी धरली, पुन्हा सोनारी गाठली, पुन्हा सगळ्यांना बसवलं. त्यानंतर लॅपटॉपवर पट्टी चिकटवली: आधी वायर, मग प्रोग्राम. कुठंही गेल्या की शाळेतल्यासारखं ते मोठ्यानं म्हणायच्या.

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. आत्यांना दोन्ही नावं हवी असायची, आणि घाई त्यांना ठाऊकच नव्हती. माकणीला एक ऐंशीच्या पुढची चुलत आजी होती. तिला माहेरचं नाव आठवेना. सुना हसायला लागल्या. आत्यांनी त्यांना आत पाठवलं आणि डोळा झाकून ठेवला. “बसा निवांत. तुमची आई विहिरीवरनं कशी हाका मारायची ते आठवा.” बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, “चंपी. चंपी म्हणायची मला.” आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आत्यांनी चंपा असं टाइप केलं, तिला वाचून दाखवलं, आणि रडून झाल्यावर फोटो काढला. तसा फोटो मी दुसरा बघितला नाही. लग्नसमारंभात हजारो रुपये घेणारे फोटोग्राफर आमच्या दुकानात येतात, त्यांच्या कुणाच्या फोटोत माणूस एवढा घरात बसल्यासारखा दिसत नाही.

आता मी काय केलं ते सांगतो.

आजी-आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण जमीन आजोबांच्याच नावावर होती. वडिलांना आणि काकांना वाटणी करायची होती, त्यासाठी वारस लावायचे होते, आणि अर्जाला वंशावळ जोडायची होती. आत्यांचा हिस्सा होताच. त्यांनी हक्कसोड करून दिली असती तर प्रश्न नव्हता. बहिणी देतात. भाऊ साडी-चोळी करतात आणि सगळे तालुक्याला जाऊन सह्या करून येतात. पण त्यासाठी आत्यांच्या दारात जाऊन मागावं लागलं असतं. थोरल्या बहिणीला आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं, ते आता कसं विचारायचं, आणि ती शिकलेली, नाही म्हणाली तर? मग वडील मला म्हणाले, “तिच्या मशीनमधी समदं तयारच हाय. तेवढं तिचं नाव काढून एक कागद आण.”

मी आणला. एवढंच आहे. मी नाही म्हणालो नाही, रात्रभर तळमळलोही नाही.

शनिवारी आत्यांकडं गेलो. लॅपटॉप जरा तपासतो म्हणालो. त्या माझ्यासाठी चुरमुऱ्यांची सुशीला करायला आत गेल्या, ते भिजवल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी फाइलची नक्कल केली, तिला ‘वारस’ असं नाव दिलं, नकलेत आत्यांची चौकट काढून टाकली. प्रोग्रामनं विचारलं, नक्की काढायची का? मी हो म्हटलं. कागद पेन ड्राइव्हमध्ये घेतला आणि दोन ताटल्या सुशीला खाल्ली. वडिलांनी आणि काकांनी सोमवारीच शपथेवर लिहून दिलं, की आम्हां दोघांशिवाय दुसरा वारस नाही.

पण तो प्रोग्राम शेवटी उघडलेली फाइलच पुन्हा उघडतो. हे मीच आत्यांना शिकवलं होतं, आणि मीच विसरलो. पुढच्या रविवारी आजोबांचे एक चुलतभाऊ माकणीहून आले. आत्यांनी मलाही मदतीला बोलावलं होतं. त्यांनी वायर जोडली, प्रोग्राम उघडला आणि आजोबांच्या चौकटीशी आल्या. खाली दोनच मुलगे. त्या पडद्याजवळ वाकल्या. वरखाली करून बघितलं. मी म्हणालो, “प्रोग्रामची गडबड असंल, आत्या.” हे मी म्हणालो. जे केलं त्यापेक्षा या वाक्याची मला जास्त लाज वाटते.

आत्यांनी फायलींची यादी काढली. ‘वारस’ वाचलं. मग जुनी फाइल उघडली, पाहुण्या आजोबांना सरळ बसवलं, टोपी नीट करायला लावली, फोटो काढला, चहा दिला, एसटीपर्यंत पोचवून आल्या. आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “सही मागितली असती तर दिली असती. विचारायचंबी एवढं जड झालं?”

त्यांनी वारसनोंदीवर हरकत घेतली. आपल्याच वंशावळीचा कागद जोडला, शाळेचा दाखला जोडला, आणि दोन-अडीच महिने एकट्या हेलपाटे घातले. वडिलांनी गावभर सांगितलं की बहीण जमिनीवर उठली. एकदा वडील आणि काका तडजोडीला गेले तेव्हा आत्या एवढंच बोलल्या, “आधी नाव लागू द्या. मग म्या माझ्या हातानं काढून देते.” दोघांनाही ते पटलं नाही. नाव लागलं. सातबाऱ्यावर तिघांची नावं आली. त्याच आठवड्यात आत्या स्वतःच्या तिकिटानं उमरग्याला आल्या, भावांना बोलावून घेतलं आणि हक्कसोड करून दिली. काकूनं आणलेली साडी त्यांनी तिथंच कचेरीच्या बाकावर ठेवली. वडील आता म्हणतात, शेवटी सोडायचंच होतं तर एवढं रामायण कशाला? त्यांना अजून कळलेलं नाही. मला कळलं, पण उशिरा कळण्याला काय किंमत?

माझ्याशी त्यांनी भांडण केलं नाही. लॅपटॉप अडला तर दुकानात घेऊन यायच्या, माझ्याच टेबलाशी यायच्या. फक्त मला तुम्ही म्हणायला लागल्या. “बघता का जरा? तुमचा वेळ तर घेत न्हाय ना?” ज्यांनी माझं नाक पुसलं त्यांच्या तोंडून ते ऐकताना वाटायचं, त्यापेक्षा चार शिव्या द्याव्यात. एकदा मी पायाशी बसून म्हणालो, आत्या, असं नका बोलू. त्या म्हणाल्या, “उठा, कपडे खराब होतील.”

गेल्या वर्षी त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. अतिदक्षता विभागात होत्या, पण शुद्ध होती. शाळेतल्या एक जुन्या सहकारी बाई त्यांच्या सोबतीला आल्या होत्या. मी कळल्याबरोबर गेलो. दारातल्या नर्सनं मला अडवलं, आत जाऊन आत्यांना विचारलं, हे तुमचे कोण? दार उघडं होतं. आत्यांनी मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं. आवाज खोल गेला होता, पण वर्गात हजेरी घेताना यायचा तसा स्वच्छ आला.

“वळखीचे हायत. कॉम्प्युटर दुरुस्त करतात.”

नर्स परत आली आणि म्हणाली, आत फक्त नातेवाइकांना सोडतात. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या, तेव्हाही मी तिथंच होतो.