दसऱ्याला उघडलेला पंखा

आज सकाळी पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर झेंडूचे ढीग लागले होते. तो वास नाकात शिरला आणि वाळूजच्या आमच्या फाउंड्रीतला दसरा आठवला. ओतकामाच्या साच्यांतल्या वाळूची धूळ ओढून बाहेर फेकणारा तिथला मोठा पंखा वर्षातून त्याच दिवशी थांबायचा.

एका वर्षी मी त्याला हार घातला आणि माझा जोडीदार काडुबा यानं झाकण उघडलं. आत पाती अशी लखलखत होती की नवी वाटावीत. धुळीनं घासून घासून जाड पोलादाचा पापड झाला होता, कडेला भोकं पडली होती. काडुबानं त्यावरून बोट फिरवलं.

"लई झिजलं रे. लोखंडाचे हे हाल!"

"नवा पत्रा मारू," मी म्हणालो. मग तोंडावरचे रुमाल खाली ओढून आम्ही तिथंच पेढे खाल्ले. पेढाही दाताखाली कचकचला. आम्ही हसलो.

आज संध्याकाळी काडुबा माझ्या घरी सोनं द्यायला आला. एकच जिना चढून दारातच खाली बसला. डॉक्टर म्हणतात, तीच धूळ छातीत बसलीय. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून तो कितीतरी वेळ धापा टाकत राहिला.

"पंख्याचं बरं व्हतं, गड्या," तो म्हणाला. "दर दसऱ्याला नवा पत्रा मिळायचा."