उकंडाभाऊ आणि न नेलेली ज्वारी

चौथी नोटीस चिकटवून झाली तोवर उन्हं कलली होती, आणि त्यानंतर उकंडाभाऊ माझ्या मागं राहू लागले. दुपारभर तेच पुढं होते. एका हातात मैद्याच्या खळीची बादली, काखेत कागदांची गुंडाळी, आणि मी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या मागं. नगरपंचायतीपासून बसस्टँड, तिथून जिनिंगची भिंत, मग नव्या लेआउटचं गेट, मग तांड्याच्या वळणावरची पाण्याची टाकी. आता एकच जागा उरली होती, आणि ती माझी होती.

माझी म्हणजे माझ्या अंगणवाडीची. आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली आणि यंदा विकास आराखडा निघाला. कार्यालयाच्या भिंतीवर मोठा नकाशा लागला. राहायच्या जागा पिवळ्या, बागा हिरव्या, सरकारी कामाच्या जागा लाल. यापुढं गावात जे काही नवं बांधलं जाईल ते या रंगांप्रमाणं. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं तीस दिवसांत हरकत किंवा सूचना लिहून द्यायची. गावाच्या मावळतीला एक तुकडा अर्धा लाल, अर्धा हिरवा होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'अंगणवाडी व बालोद्यान'. कितीतरी वर्षं मी भाड्याच्या टिनाच्या खोलीत पोरं बसवते. उन्हाळ्यात त्या खोलीत दुपारी बसवत नाही. तो लाल चौकोन पाहिला त्या दिवशी मी विहारात गेले आणि नेहमीपेक्षा एक मेणबत्ती जास्त लावली.

इंजिनिअर साहेब म्हणाले, "मॅडम, जागा एकदा पायी जाऊन बघून घ्या. नऊ मीटरचा रस्ता जाणार आहे तिथून. हरकत आली नाही तर मिळालीच समजा."

नकाशात ती जागा रिकामी होती. गावात मात्र सगळ्यांना माहीत, ते गावाचे उकिरडे आहेत.

उकंडाभाऊ नगरपंचायतीचे शिपाई. त्याआधी ग्रामपंचायतीचे. डफडं वाजवून दवंडी देत, आणि त्यांचा आवाज नाल्यापलीकडच्या वावरात ऐकू जाई. आता डफडं बंद झालं. ऑफिसातल्या विक्कीनं त्यांचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला आणि घंटागाडीवर लावून दिला. त्यामुळं त्या दिवशी आम्ही चालत होतो आणि कुठल्या ना कुठल्या गल्लीतून उकंडाभाऊच ओरडत होते, "ऐका हो ऐका! नगरपंचायतीच्या आराखड्यावर ज्याले हरकत असन, सूचना असन..." आणि खुद्द उकंडाभाऊ माझ्या शेजारी तोंड मिटून. मला पहिल्यांदा हसू आलं. नंतर नाही आलं.

टाकीपाशी तांड्यातल्या हंसाबाई भेटल्या. शेणाचं टोपलं डोक्यावर. कमरेवर हात ठेवून नोटीस बघत उभ्या राहिल्या. वाचता येत नाही, पण विषय कळला होता.

"काय जी उकंडाभाऊ, सोताचंच घर मोडाची दवंडी देऊन राह्यले म्हणते!"

"हो ना बाई. तुमाले प्लॉट पायजे काय तथी?"

"द्या ना मंग एक. रोडटच द्या."

"देतो. पह्यले तुमच्या शेणाचा सात-बारा आणा."

हंसाबाई टोपल्यासकट हसल्या. उकंडाभाऊही हसले. पण वळण ओलांडल्यावर ते मागं राहू लागले, ते तेव्हापासून.

'सोताचं घर' हा चेष्टेचा शब्द गावात जुना आहे. उकंडाभाऊंच्या उजव्या नाकपुडीवर टोचल्याची खूण आहे, मरणानं ओळखू नये म्हणून टोचलेली, आता बुजत आलेली. ज्या घरात पोरं जगत नसत तिथं पूर्वी नवं बाळ उकिरड्यावर नेऊन ठेवत. म्हणजे मरणाला वाटावं, हे टाकलेलं आहे, याला काय हात लावायचा. मग एखादी बाई ते बाळ उचले, घरी आणून देई, आणि आई तिला सूपभर धान्य देऊन आपलंच पोर आपण विकत घेई. उकिरड्याला आमच्याकडं उकंडा म्हणतात, म्हणून अशा पोराचं नाव उकंडा.

त्यांच्या वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. छप्पन साली ते तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. घरातले देव त्यांनी स्वतः नदीत सोडले होते. उकंडाभाऊ जन्मले तेव्हा ते वणीकडं कामाला गेले होते. परत आले तर बायको हे करून बसलेली. बरेच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. त्यांनी पोराचं नाव धम्मरत्न ठेवलं आणि मरेपर्यंत त्याच नावानं हाक मारली. आई उकंडाच म्हणे. शाळेत नाव घालायला आई गेली होती, म्हणून कागदावरही उकंडाच राहिलं. दिवे लागल्यावर मात्र ती नवऱ्याला ते चांगलं नाव घेऊ देत नसे. त्यावरून घरात भांडणं होत.

आई गेली, सवयी राहिल्या. उकंडाभाऊ नवा शर्ट घातला की पहिलं मातीचं बोट पुसून घेतात. लग्नातही पुसलं होतं, तो डाग लग्नाच्या फोटोत दिसतो. कोणी म्हणालं, "काय उकंडाभाऊ, तब्येत झकास हाय!" की ते लगेच खोकतात. मी एकदा म्हटलं होतं, भाऊ, पौर्णिमेला विहारात वंदनेला बसता, आणि हे काय? तर म्हणाले, "बाई, वंदना मनापासून करतो. खोकला आपोआप येते."

आम्ही उकिरड्यांपाशी आलो तेव्हा माघाची थंडी उतरू लागली होती. प्रत्येक घराचा आपला ढीग, भोवती पऱ्हाटीच्या काड्यांचं कुंपण. कोणीतरी एक ढीग अर्धा उपसून नेला होता आणि त्याच्या उघड्या कुशीतून वाफ निघत होती. मोजणीवाल्यांनी चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. रेघा सरळ ढिगांवरून चढत-उतरत गेल्या होत्या. मी चौकोनात उभी राहिले आणि मनातल्या मनात दार कुठं, चूल कुठं, खिडकी कुठं, हे लावू लागले. पूर्वेला दार ठेवलं तर पोरांना सकाळचं ऊन मिळेल.

"दार तथी ठेवू नका," उकंडाभाऊ रेघेच्या बाहेरूनच म्हणाले.

जिथं मी बोट दाखवत होते तिथं खोलगट जागा होती. आजूबाजूला सगळ्यांचं शेण, काडीकचरा, पण त्या खोलगटात कोणी काही टाकलेलं नव्हतं. गवतही नव्हतं.

"तुम्हाला ठेवलं ते इथंच काय?" मी विचारलं.

त्यांनी बादली खाली ठेवली.

"माह्या आंधीचे तीन गेले. मंग मी झालो. गुंफामाय सुईण होती. तिनं सांजच्या पारी मले इथं आणून ठेवलं. ठरलं असं होतं, का तिनंच ठेवाचं, तिनंच उचलाचं, अन् तिनंच सूप न्याचं. ठेवून चार पावलं गेली अन् वळली, तं एक बाई मले घेऊन उभी."

"कोण बाई?"

"थेच तं. गुंफामाय म्हणे, तुमी कोणाच्या व बाई? तं बोलली नाई. सरळ आमच्या घराकडे चालू लागली. कोणाले विचारलं नाई, पाह्यलं नाई, वस्तीत आमचं घर तिसऱ्या बोळीत, तं तिसऱ्याच बोळीत वळली. गुंफामाय मागं-मागं. मायच्या मांडीवर मले ठेवलं. माय सूप भरून बसलीच होती. म्हणे, घ्या बाई जवारी, माह्यं पोट्टं मले द्या. तं थे बाई म्हणे, राहू द्या. येईन मी न्यायले."

"काय न्यायला? सूप का..."

"थे तिनं सांगतलं नाई," उकंडाभाऊ म्हणाले.

आईनं ते सूप दाराच्या मागं ठेवलं. दरसाल नवी ज्वारी आली की जुनी पाखरांना टाकायची आणि सूप नव्यानं भरायचं. "उपाशी झोपलो, पण थे जवारी कधी शिजली नाई," ते म्हणाले. आई गेल्यावर बायको भरू लागली, आता सून भरते. वडील म्हणत, फिरस्ती बाई असेल, बोलून गेली, विसरली.

"मलेबी तसंच वाटते," उकंडाभाऊ म्हणाले. "दिवसा."

मग ते चुन्याच्या रेघेकडं बघत राहिले. मला कळलं ते काय सांगायला मला इथवर घेऊन आले होते: त्यांना हरकत घ्यायची होती. शिपायाची असो की कोणाची असो, एक हरकत आली की सुनावणी लागते. मग जागा वादात. मग पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. टिनाची खोली काही सुटत नाही. तरी मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला वाटत असेल तर हरकत घ्या. तो तुमचा हक्क आहे." आणि मनात म्हणत होते, घेऊ नका.

"बाई, मी आता रिटायर होतो. मरणाचं भेव नाई राह्यलं. पण तुमी इथं चाळीस पोट्टे बसवसान." त्यांनी दोन्ही हातांत मावेल एवढं अंतर धरून दाखवलं. "तिनं मले एवढुसाच पाह्यला. थे आली, तं तिले काय समजते, यातलं माह्यं कोणतं?"

तेव्हा मला एक बाई आठवली.

सांगू की नको, असं झालं. सांगितलं तर ते हरकत घेणार हे दिसतच होतं. पण खोटं बोलणार नाही असं मी रोज सकाळी हात जोडून म्हणते, आणि गप्प राहणं हे त्या वेळी खोटंच झालं असतं. म्हणून सांगितलं.

यंदाच्याच कापूस वेचणीचे दिवस होते, अंगणवाडी सुटायची वेळ. दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, पायांना माती. वेचणीला बाहेरगावाहून आलेल्यांपैकी असेल असं मला वाटलं. म्हणाली, "न्यायले आली." मी म्हटलं, "कोणाला?" तिनं एकेका पोराकडं बघितलं. माझी पोरं सुटायच्या वेळी कधी गप्प नसतात, त्या दिवशी सगळी गप्प बसली. शेवटच्या पोरापर्यंत बघून झाल्यावर ती म्हणाली, "नाई. मोठा झाला असन आता." आणि गेली. मी भांडी आत ठेवून बाहेर आले तर गल्ली रिकामी होती. आमची गल्ली सरळ आहे, शेवटच्या विजेच्या खांबापर्यंत दिसते. पण मी काही मनावर घेतलं नाही. कुलूप लावलं आणि घरी गेले.

उकंडाभाऊ खाली बसले. रेघेला पाय लागणार नाही असे, बेतानं.

"तुमी काय म्हटलं तिले?"

"काही नाही."

"जाताना काहीतरी म्हटलंच असन."

मला आठवावं लागलं. "मी म्हटलं, उद्या या."

ढिगाऱ्यातली वाफ आता जास्त दिसत होती. तेवढ्यात पलीकडून उकंडाभाऊंचा आवाज आला, "ऐका हो ऐका! ज्याले हरकत असन, सूचना असन..." आम्ही दोघांनी तिकडं पाहिलं. पलीकडं वावरं आहेत. तिकडं गाडीरस्ता नाही. आवाज थोडा वेळ आला आणि 'सूचना असन' याच्यापुढं गेलाच नाही.

मी मनात त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. उकंडाभाऊंचेही ओठ हलत होते, म्हणून मी त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हटलं. म्हणून झाल्यावर ते गुडघ्यावर हात टेकून उठले, खोलगटापासून चार हात दूर, पूर्वेकडंच, एका खुंटावर शेवटची नोटीस लावली आणि तळहातानं नीट सपाट केली.

"माह्यी हरकत नाई, बाई," ते म्हणाले. "पोट्ट्यायले जागा पायजेच. लाल रंग राहू द्या. सूचना हाय एक. थे ऑफिसात देण्यासारखी नाई, तुमच्याजवळ देतो."

"सांगा."

"बिल्डिंग झाली का दाराच्या मागं एक सूप ठेवजा. जवारी दरसाल मी आणून देईन. मी नसलो तं माह्या घरून येईन, सुनेले सांगून ठेवतो. कोणी अनोळखी बाई आली, अन् न्यायले आली म्हणे, तं कोणाले, असं विचारू नका. पोट्ट्यायकडे पाहू देऊ नका तिले. पह्यले सूप तिच्या पदरात रिकामं करजा. म्हणजा, उकंड्याच्या मायनं ठेवली होती, तुमचं तुमाले भेटलं." त्यांनी बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "अन् बाई, एवढं करा माह्यासाठी. तिले उद्या या म्हणू नका."