मुराळ्याऐवजी फोन

आमच्या घरी फोन आला तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. माझ्या जन्माच्या वेळी वाटले होते का, असं मी आईला पुष्कळदा विचारलं, पण ती दर वेळी विषय बदलते. मी दुसरी मुलगी, त्यामुळे उत्तर मला ठाऊकच आहे. फोनचे मात्र वाटले, तेही कंदी.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आम्ही भिंगारला जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचो. वडील, म्हणजे आमचे दादा, लष्कराच्या एका कारखान्यात सिव्हिलियन नोकरीला होते. फोनसाठी त्यांनी अर्ज करून ठेवला होता, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. मग एकदाचं नवं डिजिटल एक्स्चेंज आलं आणि जोडण्या धडाधड मिळायला लागल्या. दादांनी बाहेरच्या खोलीत स्टूल मांडलं, आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि तो बटणांचा फोन देवासारखा विराजमान झाला. यंत्र म्हटलं की दादांचा जीव की प्राण. येईल त्याला ते सांगायचे, "आता ट्रंक कॉलची खरखर विसरा. शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं ऐकू येतं."

हा फोन घ्यायची घाई ताईसाठी होती. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी ताई आदल्या वैशाखात राहात्याला दिली होती. सासरी खतं-बियाण्यांचं दुकान आणि त्याला लागून मागे घर. धंद्यामुळे त्यांच्याकडे आधीच फोन होता. दादा म्हणाले, "आता पोरगी घरातच असल्यासारखी." त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं. त्यांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा.

भिंगारहून राहाता म्हणजे काही परदेश नव्हे. नगरच्या स्टँडवर मनमाड रस्त्याची गाडी धरली की राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर करत अडीच-तीन तासांत माणूस पोचतो. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला नागपंचमीला माहेरी आणायला मुराळी जातो. मुराळी बहुधा भाऊ असतो. आम्हाला भाऊ नाही, म्हणून पहिल्या पंचमीला दादाच मुराळी होऊन गेले होते. मुराळी काही नुसती पोरीची पिशवी उचलायला जात नाही. तो सासरी एक वेळ जेवतो, ओसरीवर टेकतो, पोरगी कशी चालते, कोण तिच्याशी कसं बोलतं, तिच्या ताटात शेवटी काय उरतं, हे सगळं बघतो. घरी आला की बायका त्याला घेरतात आणि खोदून खोदून विचारतात. यातलं कुणी कुणाला शिकवत नाही, की बोलूनही दाखवत नाही. वरून एवढंच दिसतं की पाव्हणा आला आणि जेवून गेला.

त्या वर्षी दादांनी ताईला आणलं, दाराशीच आईला सांगितलं, "जरा वाळलीय, पण बरं चाललंय," आणि आईचा जीव भांड्यात पडला. पुढे दिवाळसणाला ताई आणि दाजी दोघंही येऊन गेले. त्यानंतर थंडीत फोन आला.

फोनचा वार ठरला रविवार. दादांची पूजा झाली की ते स्वतः नंबर लावायचे, बटणांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तिकडे आधी ताईच्या सासूबाई उचलायच्या. त्यांची आणि दादांची विचारपूस व्हायची, मग हाक जायची आणि ताई यायची. दादा, आई आणि मी पाळीपाळीने बोलायचो. "मी बरी आहे. तुम्ही कसे आहात? आईचे गुडघे कसे आहेत?" ताई म्हणायची. आवाज खरंच लख्ख यायचा. तिच्या मागे दळणाच्या डब्याचं झाकण लावलेलंसुद्धा ऐकू यायचं.

मला पहिल्यापासून चुकल्यासारखं वाटत होतं. माझी ताई घरी कधी सरळ वाक्य बोलायची नाही. ती "आगं लई धमाल झाली" म्हणून सुरुवात करायची आणि निम्म्यात स्वतःच हसत सुटायची. फोनवरची ताई शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाषण म्हणत असल्यासारखी बोलायची. दुसरी गोष्ट म्हणजे तिने "हॅलो" म्हटलं की लगेच लाइनीत टक् असा बारीक आवाज व्हायचा. त्यांच्या दुकानात त्याच नंबरची दुसरी जोडणी होती, पॅरलल म्हणतात तशी. घरातलं बोलणं दुकानातला फोन उचलून ऐकता यायचं. मी दादांना सांगितलं, "कुणीतरी ऐकतं." ते म्हणाले, "लाइनमध्ये होतं तसं. तुला एक्स्चेंजमधलं काय कळतं?" मला एक्स्चेंजमधलं काही कळत नव्हतं, हे खरंच होतं.

लग्नानंतर ताईची पत्रं यायची. दुपारी घर झोपलं की ती लिहायची. सासूबाईंचं घोरणं, पिठल्यात पडलेल्या गुठळ्या, दुकानात येऊन उगाच भांडणारं गिऱ्हाईक, सगळं त्यात असायचं. माझ्यासाठी कडेच्या पट्टीवर उभं लिहिलेलं असायचं. मी गणितात कच्ची आणि ताईनेच मला दहावीपर्यंत ओढत आणलं होतं. पत्रातूनही ती विचारायची, कुठं अडलंय ते लिही. फोन आल्यावर पत्रं बंद झाली. बंद कर असं तिला कुणी म्हटलं नाही. रविवारी बोलायचंच आहे तर लिहायचं काय, असं दोन्हीकडे झालं. "अभ्यास करतेस ना?" ती फोनवर विचारायची. "हो," मी म्हणायचे. संपलं आमचं गणित.

दुसऱ्या पंचमीच्या आधीच्या रविवारी दादांनी विचारलं, "काय गं, येतेस ना पंचमीला? येऊ का घ्यायला?"

 ताई म्हणाली, "नको दादा. यंदा जमायचं नाही. इथं कामं आहेत."

"बघ, तुझं तू ठरव," दादा म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटतं त्यांना थोडं बरंही वाटलं असावं. रजा वाचली, एसटीचे धक्के वाचले. शिवाय लेकीला विचारून तिच्या मनासारखं केलं याचा त्यांना अभिमान होता. आई मात्र जागीच तडकली. ती पाथर्डीकडची, रागावली की तिच्या तोंडी गाव यायचं.

"लेकीला इचारत्यात व्हय, येतीस का म्हनून? न्यायला जात्यात!"

"अगं, ती स्वतःच नको म्हणाली. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

 तिनेही कानांनी ऐकलंच होतं. तिने ताईच्या वाटणीच्या लाह्या शेजारच्या पोरींना दिल्या आणि दिवसभर भांडी आपटली. दिवाळीला हेच झालं. संक्रांतीलाही हेच. दर वेळी विचारणं व्हायचं आणि दर वेळी "नको" यायचं. आणि मग आईलाही त्याची सवय झाली, हे मला लिहायलाच हवं. रविवारी आवाज ऐकला की तिचं समाधान व्हायचं. उरलेला आठवडा ती निर्धास्त असायची, पहिल्या वर्षी पत्राची वाट बघताना नसायची इतकी.

फाल्गुनात लागोपाठ दोन रविवार ताई फोनवर आली नाही. सासूबाई म्हणाल्या, एकदा देवळात गेलीय, एकदा न्हाणीघरात आहे. तिसऱ्या रविवारी आली. आवाज बसलेला होता आणि मधेच श्वास ओढल्यासारखं होत होतं. "सर्दी झालीय वाटतं," दादा म्हणाले. आईने फोन ओढून घेतला आणि आल्याचा काढा कसा करायचा ते सविस्तर सांगितलं, गवती चहा किती, गूळ किती. ताईने सगळं ऐकून घेतलं. "हो, करते," म्हणाली. तो काढा आठवला की आजही मला स्वतःच्या घराची शिसारी येते.

पुन्हा श्रावण आला.  एका सकाळी पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "मी जाते तिला आनायला."

"जा की," दादा म्हणाले. "पण आधी फोन करून विचार. न सांगता कुणाच्या दारात जायचं बरं दिसत नाही."

हीसुद्धा फोनबरोबर आलेली रीत. त्याआधी आमच्या घरात कुणी विचारून आलेलं मला आठवत नाही. माणसं यायची आणि आई पिठात पाणी घालायची.

"फोन केला का ती नको म्हनंल," आई म्हणाली.

दादा ड्यूटीवर गेल्यावर आम्ही दोघी निघालो. मी कॉलेज बुडवलं. पिशवीत पुरणाची दिंडं, एक साडी आणि हिरव्या बांगड्यांचा जोड होता. पंचमीला लेकीच्या हातात माहेरची नवी बांगडी हवी, असं आईचं म्हणणं. माप तिला तोंडपाठ होतं.  मी मनात म्हणत होते, उगाच निघालो, तिथं सगळं ठीकच असणार, फजिती होईल. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं.

दारात सासूबाई होत्या. त्या दचकल्याच. "अहो विहीणबाई, फोन तरी करायचा!" मग त्यांनी आत हाक मारली. ताई आली ती पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, डावा हात आत ठेवून. इतकी वाळली होती की मला आधी ती दुसरीच कुणी बाई वाटली. तिने उजव्या हातानेच आम्हाला पाणी दिलं. एकेक पेला आणत होती, दोन खेपांत. आई बघत होती.

चहा झाल्यावर आईने बांगड्या काढल्या. "आन हात."

ताईने उजवा पुढे केला. बांगड्या झरझर चढल्या, मापापेक्षा सैलच झाल्या.

"दुसरा."

"राहू दे, आई. नंतर घालते."

"सणाच्या बांगड्या एका हातात घालत्यात व्हय? आन."

आईने पदराखालून तो हात स्वतःच बाहेर काढला. मनगटाच्या वर हाड बाहेरच्या बाजूला वळून बसलेलं होतं, बोटं अर्धवट मिटलेली. कुणीतरी बांधलं होतं आणि ते तसंच वाकडं जुळून आलं होतं. आईने बांगडी बोटांवरून सरकवायचा प्रयत्न केला. अंगठा आत वळेना. दुसऱ्यांदा दाबल्यावर ताईच्या तोंडून आवाज निघाला आणि बांगडी फुटली.

"शिमग्याला मोरीत पडली," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या इथल्या हाडवैद्यानं बांधलं. तुम्हाला कशाला घोर, म्हणून बोललो नाही."

दाजी दुकानातून आत आले होते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ताई खाली बघत होती. कोण कसं पडलं, ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

आई उठली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "विहीणबाई, लेक पंचमीला न्यायला आलेय. जोडव्या-मंगळसूत्रासकट नेते, बाकी काही नको." दाजी म्हणाले, "सण झाला की परत आणून सोडा." आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बघू." आणि तिने ताईला उजव्या हाताला धरून बाहेर काढलं. एसटीत ताई आमच्या दोघींच्या मध्ये बसली आणि राहुरी येईपर्यंत आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी फुटलेल्या बांगडीने तिच्या तळव्याला आलेलं रक्त रुमालाने टिपत होते. आम्ही तिला मुळीच परत पाठवणार नव्हतो, हे न बोलता ठरलं होतं.

दादा संध्याकाळी आले तेव्हा ताई बाहेरच्या खोलीत बसलेली होती. आधी त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांना हात दिसला. त्यांनी डबा खाली ठेवला, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट करून बघत राहिले. एरवी ते यंत्रं असंच बघायचे. 

"अगं, पण तू स्वतःच नको म्हणायचीस," ते शेवटी म्हणाले.  "दर वेळी मी विचारत होतो. तूच नको म्हणायचीस."

"व्हय, म्हनायचे," ताई म्हणाली. किती तरी दिवसांनी ती आमच्या घरातलं बोलली. "रविवारी नको म्हनायचे, अन् सोमवारी नगरवरनं येनाऱ्या गाडीच्या टायमाला वसरीवर येऊन बसायचे. वाटायचं, इतकं नको म्हनतीय म्हनल्यावर तरी दादा येतील."